परक्या मुलखाचे वाटण

वाचकहो, स्वयंपाकघरातील कलह मिठावरून होतात, तेलावरून होतात, क्वचित दुधाच्या सायीवरूनही होतात. आमच्या घरी तब्बल सदतीस वर्षे एक कलह मसाल्याच्या डब्यावरून चालू होता, आणि तो इतका निःशब्द होता की घरातील पुरुषांना त्याचा पत्ताही नसावा. तो ज्या दिवशी मिटला, निदान मिटल्यासारखा झाला, त्या दिवशी आमच्या बेंगळुरूच्या घराच्या गच्चीवर जमेका बेटातील रीतीने कोंबडी भाजली जात होती. या दोन गोष्टींचा संबंध कसा जुळला, तेच आपणांस सांगावयाचे आहे.

माझे माहेर कोल्हापूरचे. १९८६ साली लग्न होऊन मी बेंगळुरूच्या चामराजपेटेत आले. सासरचे लोक मराठेच. परंतु पिढ्यान्‌पिढ्या कर्नाटकात मुरलेले. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाच्या फौजेबरोबर शहाजीराजे येथे आले आणि केंपेगौडांनी वसविलेले हे शहर पुढे त्यांच्या जहागिरीत आले, हे आपण इतिहासात वाचलेले असेलच. १६८७ नंतर ते म्हैसूरकरांकडे गेले. पण राजांबरोबर आलेली माणसे सगळीच काही परत गेली नाहीत. ‘आमचे पूर्वज शहाजीराजांच्या स्वारीतले’ असे येथील मराठ्यांच्या घरोघरी सांगतात. कागद बहुधा कोणापाशीच नसतो. परंतु सांगणाऱ्याचा चेहरा असा असतो की कागद मागण्याचा धीर होत नाही.

त्यांची मराठी ऐकून पहिले काही दिवस मी गोंधळून जाई. क्रियापद मराठी, नाम कानडी, आणि हेल कोणता ते ब्रह्मदेवालाच ठाऊक! सासूबाईंना घरात सगळे ‘अत्ते’ म्हणत. कानडीत आत्या आणि सासू या दोघींनाही हाच शब्द आहे. आमच्या कोल्हापूरकडे सासूला आत्याबाई म्हणण्याचा प्रघात असल्यामुळे मला तो जड गेला नाही. जड गेले ते दुसरेच.

लग्नानंतरच्या दुसऱ्या रविवारी मटण रांधण्याचे काम माझ्याकडे आले. आईने बरोबर दिलेला कांदा-लसूण मसाला मी मोठ्या अभिमानाने काढला आणि तांबडा रस्सा केला. मामंजी मुकाट्याने जेवले. हात धुताना एवढेच म्हणाले, “रस्सा उत्तम आहे. पण हे आपल्या घरचे मटण नव्हे.” बोलण्यात राग नव्हता, टोचणी नव्हती, खरे तेच ते बोलले. तथापि पुढच्या रविवारपासून असे ठरून गेले, की मांस धुणे, कांदा चिरणे, आले-लसूण वाटणे, चुलीवरचे लक्ष ठेवणे ही सगळी कामे माझी; आणि मसाला तेवढा अत्ते घालणार. वर्षातून दोनदा त्या दुपारी मागच्या पडवीत बसून तो भाजीत. कुटून आणलेला मसाला पितळी डब्यात भरीत आणि त्या डब्यावर एक जुने लुगड्याचे फडके घट्ट बांधीत. डब्याला कुलूप नव्हते. पण वाचकहो, सुनेला फडक्याची गाठही पुरेशी असते.

मी काही शोध केला नाही असे नाही. रंगावरून ब्याडगी मिरची ओळखली. ती तर हावेरीकडची, कर्नाटकाचे भूषणच. धणे, दालचिनी, लवंग, मिरे, खसखस, दगडफूल, सुके खोबरे एवढे वासाने कळले. एकदा अत्ते गावी गेल्या असताना या सगळ्यांचा माझ्या अंदाजाने मसाला करून पाहिला. सगळे होते, आणि तरीही काहीतरी नव्हते. यजमान म्हणाले, “आज मटण जरा पोकळ लागते.” त्यानंतर मी तो नाद सोडला, मात्र मनातले सोडले नाही.

येथील मराठ्यांचा आणि मांसाच्या स्वयंपाकाचा संबंध घरापुरताच नाही. दक्षिणेत ज्या खाणावळीत सामिष जेवण मिळते तिला ‘मिलिटरी हॉटेल’ म्हणतात. महाराष्ट्रातून प्रथमच आलेला माणूस ती पाटी वाचून आत बंदुका असतील या भीतीने बिचकतो. बेंगळुरूतील अशा जुन्या खाणावळींपैकी कित्येक मराठ्यांनी काढलेल्या आहेत. कॉटनपेटेतील एस. जी. राव मिलिटरी हॉटेल १९०८ सालचे. शिवाजी मिलिटरी हॉटेलाचे तर नावच बोलके आहे. इंग्रजांची छावणी येथे १८०९ पासून होती, तिच्यातील शिपायांवरून हे नाव पडले असे एक पक्ष म्हणतो. मराठे लढवय्यांवरून पडले असे दुसरा म्हणतो. जेवायला मात्र दोन्ही पक्ष एकाच बाकावर बसतात. तेथे नाचणीचे मुद्दे आणि मटणाचा रस्सा मिळतो, खिम्याचे उंडे मिळतात आणि द्रोणातील बिर्याणी मिळते. द्रोणाला कानडीत ‘दोन्ने’ म्हणतात, म्हणून ती दोन्ने बिर्याणी. ही बिर्याणी केशरी नव्हे, तर हिरवट असते. पुदिना, कोथिंबीर आणि हिरवी मिरची यांच्या वाटणात मांस शिजवून त्यातच बारीक दाण्याचा जिरगे सांबा तांदूळ घालतात. माझ्या लग्नाच्या काळात आमच्या घरच्या बायका अशा हॉटेलात जात नसत. यजमान रविवारी सकाळी डबा घेऊन जात, आणि आम्ही घरी तो उघडून बसत असू. हे हिरवे वाटण आपण ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम आहे.

आमची लेक लंडनला एका इस्पितळात काम करते. पाच वर्षांपूर्वी तेथे गेली तेव्हा दक्षिण लंडनमध्ये एका वृद्ध जमेकन बाईंच्या घरी तिने खोली घेतली. इकडे आम्ही काळजीत, की पोर काय खात असेल. आणि तिकडे तिचे शनिवार-रविवार त्या बाईंच्या स्वयंपाकघरात जाऊ लागले. २०२३ च्या डिसेंबरात ती महिनाभरासाठी घरी आली, तेव्हा तिच्या सामानात तपकिरी दाण्यांची एक बरणी होती. अत्तेंचे त्या पावसाळ्यात पडून खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया झाली, पण चुलीपुढे उभे राहणे संपले. मसाल्याचा पितळी डबा तळाला लागला होता. नवा मसाला कोणी करावयाचा हा प्रश्न घरात कोणीही काढीत नव्हते. मी तर मुळीच नाही. रविवारी मटणाऐवजी अंडी होऊ लागली होती.

अशा वेळी लेक म्हणाली, “आई, मी उद्या जर्क करते.”

जर्क म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. वेस्ट इंडीजमधील जमेका बेट १६५५ साली स्पॅनिश लोकांकडून इंग्रजांनी जिंकले. तेथे आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांपैकी अनेक जण डोंगरांत पळून गेले आणि तेथेच स्वतंत्रपणे राहू लागले. त्यांना ‘मरून’ म्हणतात. बेटावर मूळचे जे तायनो लोक होते त्यांच्याकडून आणि स्वतःच्या आठवणीतून त्यांनी रानडुकराचे मांस मसाल्यात मुरवून मंद निखाऱ्यावर भाजण्याची रीत घडविली. जमिनीत खड्डा करावयाचा, त्यात निखारे, त्यावर पिमेंटो नावाच्या झाडाच्या हिरव्या काठ्यांची माची आणि माचीवर मांस. धूर दूरवर दिसून शत्रूला सुगावा लागू नये म्हणून ते खड्डा झाकून ठेवीत, असे सांगतात. इंग्रजांनी बरीच वर्षे लढून पाहिले आणि अखेर १७३९ साली त्यांच्याशी तह केला. हे सगळे लेकीने जेवणाच्या टेबलावर सांगितले तेव्हा यजमान घास हातात धरून म्हणाले, “म्हणजे हे गनिमी काव्याचे जेवण!” त्या क्षणापासून या परक्या पाककृतीला आमच्या घरात मानाचे पान मिळाले.

‘जर्क’ हा शब्द दक्षिण अमेरिकेतील क्वेचुआ भाषेतून, वाळविलेल्या मांसाच्या ‘चार्की’ या शब्दावरून आला असे मानतात. पिमेंटोची कथा याहून गमतीची आहे. कोलंबस १४९४ साली जमेकाला पोहोचला. स्पॅनिश लोक मिरे शोधावयास निघालेले. त्यांनी या झाडाची फळे पाहिली आणि त्यांना मिऱ्याचेच नाव देऊन टाकले. इंग्रजांना त्यात लवंग, दालचिनी आणि जायफळ या तिन्हींचा वास एकदम आला, म्हणून त्यांनी ऑलस्पाइस म्हटले. आपल्याकडे तिला सर्वसुगंधी म्हणतात. हे झाड कोकणात आणि केरळात परसातून लावलेले आढळते. माझ्या भावजयीच्या सावंतवाडीच्या अंगणात एक आहे आणि ती त्याची पाने पुलावात घालते. म्हणजे लेकीने सातासमुद्रांपलीकडून जे आणले, त्याचा पाला आमच्या फडताळात कागदात गुंडाळून पडलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तव्यावर ते दाणे टाकले. अत्तेंची खोली स्वयंपाकघराला लागूनच आहे. दोन मिनिटेही झाली नसतील, आतून हाक आली, “कोण गं लवंग भाजतेय? जास्त झाली.”

लेक हसत दाणे घेऊन आत गेली. मी दाराशीच उभी राहिले. अत्तेंनी एक दाणा बोटांत चुरडला, नाकाशी धरला आणि बराच वेळ डोळे मिटून राहिल्या. “लवंग नव्हे,” त्या म्हणाल्या, “मिरेही नव्हेत. पण लवंगेच्या घरातलेच काहीतरी आहे.” ऐंशी पार केलेली ही बाई चामराजपेटेच्या पलीकडे फारशी गेलेली नाही, पण तिचे नाक चुकले नव्हते. लवंगेला जो वास आहे तो युजेनॉल नावाच्या द्रव्याचा, आणि सर्वसुगंधीच्या दाण्यातही मुख्यत्वे तेच द्रव्य असते. वनस्पतिशास्त्राप्रमाणेही ही दोन्ही झाडे एकाच कुळातील, जांभळाच्या कुळातील आहेत. लेक चकित झाली. मग तिने पुडीतील वाळकी पाने पुढे केली. ती थाइमची, युरोपातील एका सुवासिक झुडपाची. अत्तेंनी हुंगून विचारले, “ह्यात ओमा कशाला घातलीस?” ओमा म्हणजे ओवा. आणि वाचकहो, थाइममधील वास थायमॉलचा असतो, ओव्यातीलही थायमॉलचाच. कसली परीक्षा आणि कसले परीक्षक!

“हे तुला कोणी शिकवले?” अत्तेंनी विचारले.

“आमच्या घरमालकीणबाईंनी, अज्जी. हे बघा, सगळे माप लिहून दिले आहे.”

“परक्या पोरीला? माप सांगितले?”

“मी विचारले ना. विचारल्यावर सांगितले.”

अत्ते काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “आणि आपला मटणाचा मसाला? तो येतो का तुला?”

“मला कुठून येणार, अज्जी? आईलाच येत नाही.”

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. मी तेथून निघून जावयास हवे होते. पण पाय निघेनात. अत्तेंनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. त्यांच्या मुद्रेवर जे होते ते आश्चर्य होते. मी सदतीस वर्षे त्या चेहऱ्याचा अभ्यास केला आहे; सोंग असते तर मला कळले असते, असे मला त्या वेळी वाटले.

“तिला येत नाही? अगं, रोज माझ्याशेजारी उभी असायची.”

“तुम्ही डबा बांधून ठेवीत होता,” माझ्या तोंडून गेले. एवढ्या वर्षांत एवढेच.

“मुंग्यांसाठी,” त्या म्हणाल्या.

आता यावर सुनेने काय बोलावे! मी काही बोलले नाही. पण अत्तेंनी लेकीला सगळे डबे आणावयास सांगितले, आणि स्वतः उशांना टेकून बसल्या. लेकीने स्वयंपाकघरातील इलेक्ट्रॉनिक काटा आणून त्यांच्या मांडीजवळ ठेवला. अत्ते म्हणाल्या, “काटा कशाला? तीन मुठी धणे.” लेक म्हणाली, “तुमची मूठ मी लंडनला कशी नेऊ?” हे त्यांना पटले. त्यांनी मूठ भरून काट्यावर सोडली: २२ ग्रॅम. दुसरी मूठ: २३. तिसरी: पुन्हा २२. सुरकुतलेला, किंचित थरथरणारा हात, आणि तीन मुठींत एका ग्रॅमचा फरक! लेक ते आकडे फोनमध्ये लिहीत होती आणि मी, जिच्या डोळ्यांदेखत हे सगळे इतकी वर्षे घडत होते, ती दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होते.

मिरच्या झाल्या, खोबरे झाले, दगडफूल झाले. मी मनात एकेक खूण करीत होते. माझी यादी बरोबर होती. शेवटी अत्ते म्हणाल्या, “आता मोग्गु. पाच. थोड्या तेलात फुगेपर्यंत तळायचा, पण काळा होऊ द्यायचा नाही. काळा झाला की कडू.”

मराठी मोग्गु! आपल्यापैकी महाराष्ट्रातील अनेकांनी हे नाव ऐकले नसेल, म्हणून सांगते. ही सावरीच्या जातीच्या झाडाची सुकविलेली कळी; मोग्गु म्हणजे कानडीत कळी. दिसायला दांडगी लवंग, पण वास काहीसा मोहरीचा, काहीसा मिऱ्याचा. कर्नाटकात ती बिसिबेळे भातात घालतात, आणि त्या भातासाठी मीही ती कित्येकदा आणलेली होती. पण कोल्हापूरच्या माझ्या डोक्यात ती वरणभाताच्या फडताळातली वस्तू होती. ती मटणात असेल अशी शंकाही मला आली नाही. जे पोकळ लागत होते ते हेच.

“मला कधी सांगितले नाहीत,” मी म्हणाले.

“तू मराठी मुलखातून आलेली,” अत्ते म्हणाल्या, “तुला मी मराठी मोग्गु काय सांगायचा?”

लेक मोठ्याने हसली. मलाही हसू आले. पण पुरते नाही. अत्तेंना खरोखरच तसे वाटत होते, की ते उत्तर त्या क्षणी सुचले, याचा निर्णय मी आजही करू शकलेले नाही. मुंग्या तर आमच्या घरात साखरेच्या डब्यालाही लागत, आणि त्याला कधी फडके नव्हते. दुसरी बाजूही मांडली पाहिजे: मी विचारले नव्हते. आमच्या वेळी सासूला माप विचारणे म्हणजे ‘आता तुम्ही बाजूला व्हा’ असे सुचविणे समजत. ते शहाणपण होते की नुसता ताठा, कोण जाणे. माझ्या लेकीने एका परक्या वृद्धेला विचारले, मग आपल्या आजीला विचारले, आणि दोघींनीही सांगितले. मसाला माझ्या डोक्यावरून जाऊन माझ्या मुलीच्या फोनमध्ये उतरला. त्या रात्री मला तिच्याकडून तो मागून घ्यावा लागला, हे लिहिताना थोडा संकोच वाटतो.

या साऱ्या घोळात कोंबडी राहून गेली होती. ती आदल्या रात्रीच मुरवावयास हवी होती. शेवटी सकाळी मुरविलेली संध्याकाळी भाजली. ज्यांना करून पाहावयाची असेल त्यांच्यासाठी माप देते. हाडासकट एक किलो कोंबडी, शक्य तर मांड्या. सर्वसुगंधीचे भाजून कुटलेले दोन चहाचे चमचे. ते न मिळाल्यास एक चमचा दालचिनी, अर्धा चमचा लवंग आणि तितकेच जायफळ, परंतु हा केवळ नाइलाज. थाइम एक चमचा. त्याऐवजी ओवा घेतल्यास चिमूटभरच, नाहीतर पोटदुखीच्या काढ्याची आठवण येते. पातीचे कांदे सहा, लसणाच्या सहा पाकळ्या, बोटभर आले, एक चमचा मिरे, दोन मोठे चमचे सोया सॉस, एक चमचा गूळ, एका लिंबाचा रस आणि बेताने मीठ, कारण सोया सॉस खारटच असतो.

मिरचीचे काय करावे हा मोठा पेच होता. जमेकात स्कॉच बॉनेट नावाची, टोपीसारखी चपटी, पिकल्या फळाचा वास येणारी आणि महाजहाल मिरची वापरतात. ती येथे कोठून मिळणार? पण बेंगळुरूत ईशान्य भारतातील पुष्कळ तरुण-तरुणी कामाला आहेत आणि त्यांच्यासाठी तिकडचे जिन्नस विकणारी दुकानेही निघाली आहेत. तेथून लेकीने आसामची भूत जोलोकिया आणली. ती स्कॉच बॉनेटची जवळची नातलग, पण तिच्याहून कितीतरी तिखट. चार साध्या हिरव्या मिरच्या आणि भूत जोलोकियाचा केवळ चौथा भाग, एवढे पुरे झाले. हात मात्र मोजे घालून चिरावयाचे. यजमानांनी घातले नाहीत आणि मग डोळा चोळला. तो प्रसंग वर्णन करीत नाही.

हे सगळे पाट्यावर वाटले तेव्हा हिरवट-काळसर गोळा झाला. अत्तेंना वाटी दाखवली. “हे तर बिर्याणीचे वाटण,” त्या म्हणाल्या. “पुदिना कुठे आहे?” खरेच, कॉटनपेटेच्या त्या द्रोणातले हिरवेपण आणि हे एकमेकांना ओळख देत होते. जमेकाच्या डोंगरातील आणि आमच्या पेटेतील माणसे एकमेकांना कधी भेटली नाहीत. पण मिरची तिकडची आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली, आणि १८४५ पासून आपली माणसे मजूर म्हणून त्या बेटावर नेली गेली. त्यांच्याबरोबर गेलेली बोकडाच्या मटणाची करी आज तेथे लग्नसमारंभाचे जेवण आहे. लेकीच्या घरमालकीणबाई ती करी जमेकाचीच समजतात आणि लेक त्यांच्याशी वाद घालीत नाही. चांगली समंजस आहे. माझ्यावर गेलेली नाही.

गच्चीवर कोळशाची शेगडी पेटविली. पिमेंटोची लाकडे नव्हती. म्हणून सावंतवाडीची सर्वसुगंधीची वाळकी पाने पाण्यात भिजवून निखाऱ्यावर टाकली आणि वरून मोठे पातेले उपडे घातले. शेजारचे कुटुंब पूर्ण शाकाहारी. त्यांना आधी जाऊन सांगून आले होते, बाईंनी खिडकी लावून घेतली आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा उघडून “कसला हो हा वास, छान आहे!” म्हणून विचारले. मांस धगीपासून जरा दूर, सावकाश, मधून मधून उलटून पाऊण तास भाजावे. घाई केली तर गुळाने वरून करपते आणि हाडाशी कच्चे राहते. पहिला तुकडा आमचा तसाच झाला. तो पुन्हा चढविला.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या वाटणात मासे केले. बेंगळुरूला समुद्र नाही; मासळी रात्रीच्या प्रवासाने मंगळुरूकडून येते आणि शिवाजीनगरच्या रसेल मार्केटात पहाटे उतरते. तेथे बांगड्याला ‘बंगुडे’ आणि सुरमईला ‘अंजल’ म्हटले नाही तर विक्रेता तुमच्याकडे पाहतही नाही. बांगडे चिरा देऊन अर्धाच तास मुरवावेत. लिंबाच्या रसात रात्रभर ठेवले तर त्यांचे मांस आधीच आळून जाते आणि शेगडीवर भुगा होतो. केळीच्या पानात गुंडाळून भाजले. मला ते कोंबडीहून अधिक आवडले. अत्तेंना नाही. “माशाला एवढे दागिने कशाला?” एवढाच त्यांचा अभिप्राय.

कोंबडी मात्र त्यांनी दोन वेळा मागून घेतली. पहिला घास घेतल्यावर नाक लाल झाले, डोळ्यांत पाणी आले, आणि तरी त्यांनी ताट सरकविले नाही. “गूळ नको होता,” म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, “असू दे. त्यांच्याकडे असेल रीत.”

लेक जानेवारीत परत गेली. तिच्याबरोबर पाव किलो मसाला आणि वीस मोग्गु गेले. तिकडच्या बाईंनी ती कळी हुंगून काय म्हटले ते तिने फोनवर सांगितले: “ही तर मोहरी आहे, पण मोहरी नाही.” त्याही नाकवाल्याच दिसतात.

त्यानंतर माघातल्या एका रविवारी मी प्रथमच एकटीने मसाला भाजावयास बसले. पडवीत नव्हे, स्वयंपाकघरातच. काटा समोर, फोनमधले आकडे समोर. धणे ६७ ग्रॅम. मिरच्या भाजल्या, खोबरे भाजले. कढल्यात तेल घातले आणि पाच कळ्या सोडल्या. त्या फुगताहेत की नाही ते वाकून पाहत होते, इतक्यात खोलीतून आवाज आला.

“मोग्गु करपतोय.”

मी आच बारीक केली.